सुई न टोचता परत पाठवणारा दवाखाना

मुलुंड पूर्वेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या या प्राण्यांच्या दवाखान्यात आम्ही जुलै ते ऑक्टोबर २०२५ या काळात पाच वेळा गेलो. त्यांपैकी पहिल्या भेटीत डॉक्टरांनी आमच्या पिल्लाला लस टोचलीच नाही, आणि मागे वळून पाहता तीच भेट सर्वांत मोलाची वाटते. पिल्लाला कोणत्या लसी द्यायच्या हे बहुतेक दवाखान्यांत थोड्याफार फरकाने सारखेच सांगतात. त्या नेमक्या केव्हा द्यायच्या, हे मात्र किती विचाराने ठरवले जाते यात फार अंतर आढळते. म्हणून हा अभिप्राय मुख्यतः त्या एका बाबीविषयी आहे. वातानुकूलन, गाड्या उभ्या करण्याची सोय वगैरे गोष्टी येथे नाहीत, आणि त्यांची अपेक्षा असणाऱ्यांनी दुसरीकडे जावे.

आमचे पिल्लू विकत घेतलेले नाही. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे एका भटक्या कुत्रीने चार पिल्ले घातली होती, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती कुत्री गाडीखाली सापडून गेली. तीन पिल्ले शेजारच्या इमारतीतील मंडळींनी नेली आणि तांबूस रंगाचे चौथे माझ्या मुलाने रुमालात गुंडाळून घरी आणले. सासूबाईंनी दोन दिवस कडाडून विरोध केला आणि तिसऱ्या दिवशी त्याचे ‘तांबू’ हे नाव त्यांनीच ठेवले. वॉचमनच्या हिशोबाने पिल्लू दोन महिन्यांचे होते, आणि दोन महिन्यांच्या पिल्लाला ताबडतोब लस टोचली पाहिजे हे मलाही ठाऊक होते. त्यामुळे १० जुलैला भर पावसात रिक्षा करून आम्ही येथे आलो, ते टोचून घेण्याच्याच तयारीने.

डॉक्टरांनी पिल्लाकडे पाहण्याआधी आमच्याकडे पाहिले आणि याने कोणाला चावले किंवा ओरखडले आहे काय, असे विचारले. मुलाच्या बोटावर दाताचा एक बारीकसा ओरखडा होता, ज्याकडे घरात कोणीही लक्ष दिले नव्हते. पिल्लू लहान आहे म्हणून त्याला रेबीज नसेलच, असे गृहीत धरता येत नाही, विशेषतः आई रस्त्यावरची आणि लस न घेतलेली असेल तेव्हा, असे सांगून त्यांनी आधी मुलाला तेथल्या बेसिनवर साबणाने पंधरा मिनिटे हात धुवायला लावला आणि त्याच दिवशी महापालिकेच्या रुग्णालयात जायला सांगितले. तेथे माणसांसाठीची रेबीजची लस मोफत मिळते, आणि पहिल्या, म्हणजे शून्य दिवसापासून मोजत तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ती पुन्हा घ्यावी लागते. माझ्या मुलाने त्या चारही मात्रा घेतल्या. म्हणजे घरात पहिली लस माणसाला टोचली गेली आणि पिल्लाला नंतर.

मग त्यांनी तांबूचे तोंड उघडले. दोन महिन्यांच्या पिल्लाला दुधाचे सगळे, म्हणजे अठ्ठावीस दात आलेले असतात. तांबूच्या मागच्या दाढा हिरडीतून नुकत्याच डोकावत होत्या. त्यावरून त्याचे वय पाच आठवड्यांच्या आसपास ठरले. लसीकरणाच्या पुस्तिकेत जन्मतारखेच्या जागी ‘५ जून’ आणि त्यापुढे ठळक अक्षरांत ‘अंदाजे’ असे लिहिले गेले. वजन पावणेदोन किलो, पोट नगाऱ्यासारखे ताणलेले, शौच पातळ आणि अंगात कणकण, अशी एकंदर अवस्था होती. जंताचे औषध तोलून पाजण्यात आले, पुढच्या मात्रेची तारीख लिहून दिली गेली आणि लसीसाठी दहा दिवसांनी या, असे सांगण्यात आले. पिल्लू आजारी असताना टोचलेल्या लसीला शरीर नीट प्रतिसाद देईल याची खात्री नसते, आणि पुढे ताप वाढला तर तो आजाराचा की लसीचा हेही कळत नाही, हे त्यांचे पहिले कारण.

खरे कारण दुसरे होते, आणि ते सासूबाईंच्या प्रश्नामुळे बाहेर आले. माझ्या नातवाला बीसीजी जन्मल्याबरोबर टोचली, मग या जिवाला का थांबवायचे, असे त्यांनी जरा रागानेच विचारले. डॉक्टरांनी उलट विचारले, “आजी, गोवराची लस नवव्या महिन्यात का देतात?” हे आम्हां दोघींनाही सांगता येईना. आईकडून बाळाला मिळालेली प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी संरक्षक द्रव्ये, अंगात असेपर्यंत ती गोवराच्या लसीतील विषाणूला निकामी करून टाकतात आणि लस वाया जाते, म्हणून ती उतरण्याची वाट पाहिली जाते. कुत्र्यांच्या डिस्टेंपर या जीवघेण्या रोगाचा विषाणू गोवराच्या विषाणूच्या जवळच्या कुळातला आहे, आणि पिल्लाच्या बाबतीतही नेमके हेच घडते. फरक इतकाच की माणसाच्या बाळाला ही प्रतिपिंडे मुख्यतः वारेतून मिळतात, तर पिल्लाला ती जवळजवळ सगळी आईच्या चिकातून, आणि तीही जन्मानंतरच्या पहिल्या दिवसभरातच मिळतात. त्यानंतर त्याचे आतडे ती शोषून घेत नाही.

यापुढचे त्यांनी चिठ्ठीच्या पाठीमागे पेनने काढून दाखवले, आणि तो कागद मी जपून ठेवला आहे. उतरती रेघ प्रतिपिंडांची. साधारण दर दहा दिवसांनी ती निम्म्यावर येतात. तिच्यावर दोन आडव्या रेघा. वरच्या रेघेच्या खाली आल्यावर प्रतिपिंडे रोग थोपवायला अपुरी पडतात. खालच्या रेघेच्या खाली गेल्यावरच ती लसीच्या आड येणे थांबते. या दोन रेघांच्या मध्ये पिल्लू काही आठवडे असे अडकते, की आईची पुंजी रोग अडवण्याइतकी उरलेली नसते आणि तरीही लस हाणून पाडण्याइतकी शिल्लक असते. हा काळ एखाद्या पिल्लात सहाव्या आठवड्यात संपतो, तर एखाद्यात सोळाव्या आठवड्यापर्यंत लांबतो. एकाच वेताच्या भावंडांतही तो वेगळा असतो, कारण कोणी किती चीक प्यायले यावर ते ठरते. बाहेरून पाहून हे ओळखता येत नाही. म्हणूनच दर दोन ते चार आठवड्यांनी लस पुन्हा द्यायची असते. या सगळ्या मात्रा एकमेकींवर रचलेल्या पायऱ्या आहेत अशी माझी समजूत होती, आणि बहुतेकांची असावी. डॉक्टरांनी ती खोडून काढली. डिस्टेंपर आणि पार्व्हो (पिल्लांना होणारा रक्ती हगवणीचा रोग) यांच्या लसींत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो आणि तो योग्य वेळी लागू पडला तर एक मात्राही पुरते. ती योग्य वेळ कोणती हे माहीत नसल्यामुळे आपण ठरावीक अंतराने दार ठोठावत राहतो, इतकेच.

यावरून ओघाने येणारी गोष्ट अशी की किती मात्रा झाल्या याला फारसा अर्थ नाही. शेवटची मात्रा कोणत्या वयात पडली याला आहे. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेने, म्हणजे डब्ल्यूएसएव्हीएने, शेवटची मात्रा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर द्यावी असे मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे. तरीही ‘तीन इंजेक्शने झाली, कोर्स संपला’ हे वाक्य मी आमच्या सोसायटीच्या आवारात किमान चार जणांकडून ऐकले आहे.

दहा दिवसांनी, २० जुलैला, तांबू सव्वादोन किलोचा झाला होता, पोट मऊ पडले होते आणि ताप नव्हता. त्या दिवशी त्याला फक्त पार्व्हो आणि डिस्टेंपर या दोनच रोगांची, लहान वयातील पिल्लांसाठी असलेली लस देण्यात आली. सहा आठवडे हे वय जरा लवकरचे नाही का, असे मी विचारले, कारण ठाण्याला राहणाऱ्या नणंदेच्या लॅब्रॅडॉरला त्यांच्या डॉक्टरांनी आठव्या आठवड्यात सुरुवात केली होती. त्यावर मिळालेले उत्तर मला पटले. नणंदेच्या पिल्लाची आई लस घेतलेली होती आणि पिल्लू आठ आठवडे तिच्याजवळ घरात होते. कुत्र्यांच्या प्रजननाविषयीचे २०१७ चे नियमही आठ आठवड्यांआधी पिल्लू विकू देत नाहीत. तांबूची आई मात्र रस्त्यावरची. एखाद्या साथीतून वाचलेली असली तर तिने पिल्लाला भरपूर प्रतिपिंडे दिली असतील, नसली तर काहीच दिले नसेल. दोन्ही शक्य आहेत आणि विचारायला ती जिवंत नाही. दिली असतील तर सहाव्या आठवड्यातील लस वाया जाईल, म्हणजे काही रुपये वाया जातील. दिली नसतील तर आठव्या आठवड्याची वाट पाहण्यात पिल्लू जाईल. त्याच दिवशी आतल्या खोलीत पार्व्होची दोन पिल्ले सलाईनवर होती आणि तो विशिष्ट वास बाहेरपर्यंत येत होता, त्यामुळे अधिक समजावण्याची गरज पडली नाही.

याच ठिकाणी माझी पहिली तक्रार नोंदवते. येथे बसण्यासाठी एकच बाकडे आहे, आणि रक्ती हगवण लागलेले पिल्लू व पहिल्या लसीसाठी आलेले पिल्लू शेजारी शेजारी थांबतात. पार्व्होचा विषाणू विष्ठेतून पसरतो, जमिनीवर कित्येक महिने टिकतो आणि साध्या फिनाईलला दाद देत नाही. त्यासाठी ब्लीचच लागते. मदतनीस दर थोड्या वेळाने ब्लीचच्या पाण्याने फरशी पुसत होता हे खरे, परंतु पुसण्याआधी जो पाय ठेवेल त्याचे काय? आम्ही दुसऱ्या भेटीपासून तांबूला कापडी पिशवीत छातीशी धरून बाहेरच्या पत्र्याखाली उभे राहू लागलो. लसीकरणासाठी वेगळी वेळ ठेवली तर हा प्रश्न खर्चाशिवाय सुटेल, असे मी डॉक्टरांना सुचवले आहे. त्यांनी मान डोलावली. पुढे काही झालेले नाही.

दुसरी मात्रा १० ऑगस्टला झाली, आणि या वेळी लेप्टोची लस जोडलेली होती. लेप्टोच्या लसीत मारलेले जिवाणू असतात. तिच्या दोन मात्रा दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने झाल्याशिवाय तिचा उपयोग नसतो आणि पुढे ती दरवर्षी द्यावी लागते. मुंबईत ही लस ऐच्छिक मानणे मला तरी धाडसाचे वाटते. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर शहरात लेप्टोने जे थैमान घातले ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना उंदराच्या मुतातून साचलेल्या पाण्यात आणि तेथून जखमेवाटे शरीरात असा या रोगाचा प्रवास समजावून सांगावा लागत नाही. कुत्र्यालाही तो तसाच होतो, आणि कुत्र्याकडून घरच्या माणसांना होऊ शकतो. जुलैमध्येच ही लस का दिली नाही, असे मी विचारले. ती आठ आठवड्यांच्या आधी देत नाहीत, तोवर पिल्लाला पावसाच्या पाण्यात उतरवू नका, हेच उत्तर होते. दुसऱ्या एका दवाखान्याच्या दरपत्रकात मी ‘नऊ रोगांवर एकच लस’ असे वाचले होते आणि ती येथे का मिळत नाही, असेही विचारले. त्या नवांत मोजलेल्या कुत्र्यांच्या कोरोनाच्या लसीची जागतिक तत्त्वे शिफारसच करत नाहीत, आणि आकडा मोठा म्हणून संरक्षण मोठे होत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

लस प्रत्यक्ष देण्याची येथील पद्धत निर्दोष आहे. लसींसाठी स्वतंत्र फ्रिज आहे, त्यावर तापमापी लावलेली आहे, आणि दोन ते आठ अंश सेल्सिअसच्या बाहेर पारा गेला तर माल वापरत नाहीत. वीज जाणे हा पावसाळ्यातला नेहमीचाच प्रकार असल्याने इन्व्हर्टरची जोडणी आहे. भुकटीची कुपी आणि द्रवाची कुपी आपल्यासमोर फोडून मिसळतात, लगेच टोचतात आणि कुपीवरचे चिकटपत्र काढून पुस्तिकेत लावतात, ज्यावर उत्पादन क्रमांक व मुदत असते. माझ्यासमोर एक गृहस्थ औषधांच्या दुकानातून खिशात घालून आणलेली लस घेऊन आले होते, ती टोचण्यास डॉक्टरांनी साफ नकार दिला. गृहस्थ बरेच बोलले. टोचल्यावर वीस मिनिटे थांबायला सांगतात, कारण एखाद्या पिल्लाच्या तोंडावर सूज येऊ शकते आणि ती आली तर दवाखान्यात असतानाच आलेली बरी. आणखी एक बारीक गोष्ट येथेच कळली: मात्रा वजनावर नसते. लहानशा स्पिट्झला आणि ग्रेट डेनला तेवढीच पूर्ण कुपी द्यावी लागते. ‘लहान आहे, अर्धीच द्या’ अशी विनवणी करणारे येतात म्हणे.

आता दुसरी आणि अधिक गंभीर तक्रार. या दवाखान्यातून आपल्याला दोन तारखा मिळतात. एक डॉक्टर पुस्तिकेत हाताने लिहितात. दुसरी दवाखान्याचे संगणकीय यंत्र मोबाईलवर पाठवते, आणि त्या यंत्राला एवढेच शिकवलेले आहे की एका मात्रेनंतर एकवीस दिवसांनी पुढची, आणि तीन झाल्या की संपले. १० ऑगस्टनंतरची तारीख यंत्राने ३१ ऑगस्ट काढली. त्या दिवशी घरी गौरी येणार होत्या आणि स्वागतकक्षातील मुलगी दोनदा फोन करून ‘ताई, आजच या, नाहीतर कोर्स परत पहिल्यापासून करावा लागेल’ असे बजावत होती. पुस्तिकेत डॉक्टरांनी ७ सप्टेंबर, म्हणजे अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस लिहिला होता. दोन मात्रांमधील अंतर चार आठवडे असले तर काहीही बिघडत नाही, बिघडते ते दोन आठवड्यांहून कमी केल्यास, हे त्यांनी आधीच समजावले होते म्हणून मी शांत राहिले. एरवी नैवेद्याचे ताट टाकून धावले असते. यंत्राच्या हिशोबाने तांबूचा कोर्स ३१ ऑगस्टला, सव्वाबारा आठवड्यांच्या वयात संपला असता. ज्या दवाखान्याचे डॉक्टर सोळा आठवड्यांचे महत्त्व चिठ्ठीवर आकृती काढून पटवतात, त्याच दवाखान्याचे यंत्र बाराव्या आठवड्यात अभिनंदन करणार होते. ज्यांनी डॉक्टरांना प्रश्न विचारले नाहीत, त्यांची पिल्ले त्या अभिनंदनावर विसंबून खाली खेळत असणार, हा विचार मला अस्वस्थ करतो.

७ सप्टेंबरला तिसरी मात्रा, लेप्टोची दुसरी मात्रा आणि रेबीजची पहिली, अशी दोन इंजेक्शने झाली. रेबीजची लस बारा आठवडे पूर्ण झाल्यावर देतात आणि वर्षाने पुन्हा. तिचे प्रमाणपत्र डॉक्टरांनी न मागता दिले, कारण महापालिकेकडून कुत्र्याचा परवाना काढताना ते जोडावे लागते. त्या रात्री तांबू सुस्त होता, जेवला नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंच्या चपलेसह सापडला.

या मधल्या काळात त्याला घरात कोंडून ठेवायचे का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो, आणि येथे मिळालेला सल्ला मला फार उपयोगी पडला. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यांत पिल्लू जे पाहते-ऐकते ते त्याला आयुष्यभर परके वाटत नाही. म्हणजे रोगाचा धोका सर्वाधिक असण्याचा काळ आणि जग दाखवण्याचा काळ हे नेमके एकमेकांवर पडतात. डॉक्टरांनी सांगितले की पाय जमिनीला लावू नका, पण जग दाखवा. आम्ही त्याला पिशवीतून स्टेशनपर्यंत नेले, लोकलचा आवाज ऐकवला, ढोलताशे गच्चीवरून दाखवले, आणि नणंदेच्या लस पूर्ण झालेल्या लॅब्रॅडॉरला घरी बोलावले. भटकी कुत्री जेथे घाण करतात तो सोसायटीचा मागचा कोपरा मात्र ऑक्टोबरपर्यंत वर्ज्य होता.

शेवटची मात्रा ५ ऑक्टोबरला झाली, तेव्हा तांबू हिशोबाने सतरा आठवड्यांचा होता. सोळा पुरेसे असताना सतरा का, तर जन्मतारखेपुढे ‘अंदाजे’ लिहिलेले आहे म्हणून. दातांवरून काढलेल्या वयात आठवड्याची चूक असू शकते आणि ती नेहमी उशिराच्या बाजूने झालेली बरी. आईबापांची माहिती नसलेले पिल्लू ज्यांच्याकडे आहे त्यांनी ही एक गोष्ट अवश्य विचारात घ्यावी.

पाच भेटींचा तपासणी, लसी आणि जंताची औषधे धरून एकूण खर्च साडेपाच हजार रुपयांच्या आत बसला. दरफलक लावलेला नाही, विचारावे लागते. पहिल्या दिवशी मात्र फक्त तपासणीचे आणि औषधाचेच पैसे घेतले. डॉक्टर एकटेच आहेत, परळच्या, १८८६ साली सुरू झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. ते रजेवर असले की दवाखाना बंद असतो, आणि रात्रीची तातडीची सोय नाही. तशी वेळ आली तर परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय गाठा, असे ते स्वतःच सांगतात. मुलुंडहून रात्री परळ म्हणजे लहान अंतर नव्हे. रविवारी सकाळी गर्दी असते, दीड तास धरून चालावे.

माझ्या मोबाईलवर सध्या ‘तांबूचा कोर्स पूर्ण, पुढील लस ऑक्टोबर २०२६’ असा संदेश आहे. पुस्तिकेत शेवटच्या नोंदीखाली डॉक्टरांच्या अक्षरात ‘७ डिसेंबर’ लिहिलेले आहे, कारण डब्ल्यूएसएव्हीएच्या २०२४ च्या तत्त्वांनुसार पुढची मात्रा वर्षभर न लांबवता वयाचे सव्वीस आठवडे झाल्यावर दिलेली बरी. सोळाव्या आठवड्यातही अडून राहिलेल्या एखाद्या पिल्लाला ती उन्हाळ्याआधीच पकडते. स्वागतकक्षातील मुलीला मी दोन्ही तारखा दाखवल्या. तिने पुस्तिकेचा फोटो काढून घेतला आहे.